कमानपाट्यासाठी ईएन-४५ की ईएन-४७?

ट्रॉलीचे, जीपचे कमानपाटे बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपपुढे शेवटी स्प्रिंगच्या पोलादाची दोनच नावं उरतात: सिलिको-मँगनीजचं ईएन-४५ आणि क्रोम-व्हॅनेडियमचं ईएन-४७. माझ्या भट्टीतून दोन्ही गेली आहेत.

महाग पोलाद घेतलं की कमान जास्त ताठ होईल, ही समजूत आधी सोडा. ताठपणा जाडी, रुंदी आणि लांबीवर ठरतो. लवचीकतेचा गुणांक, म्हणजे पोलादाचा स्वतःचा ताठपणा, दोन्हींचा जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या थोडा वर. फरक पडतो तो पाटा किती लवकर बसतो (म्हणजे त्याचा बाक कायमचा जातो) आणि किती हेलकावे सोसून तुटतो, यात.

न बसण्याच्या बाबतीत ईएन-४५ खरोखर चांगलं आहे. त्यातलं दीड ते दोन टक्के सिलिकन पोलादाला वाकूनही मूळ आकारात परत आणतं. शिवाय ते स्वस्त पडतं.

पण हेच सिलिकन भट्टीत नडतं. ८५० अंशांच्या पुढे, उघड्या ज्वाळेत, पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो आणि सिलिकनमुळे तो जास्तच जातो. पाटा तेलात थंड केल्यावर, टेंपर करण्याआधी (ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद तापवण्याआधी) कानस मारली तर ती घसरायला हवी. माझ्याकडे ती चावायची. आतलं पोलाद कडक, वर मऊ साल! पाटा वाकतो तेव्हा सर्वाधिक ताण याच सालीवर येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. प्रत्येक पाटा घासून साल काढायची, तर मजुरी वाढते, जाडी घटते आणि स्वस्ताईचा हिशेब तिथेच संपतो. मला सर्वांत जास्त जाच झाला तो याचाच.

ईएन-४७ मध्येही साल मऊ होते, पण माझ्या अनुभवात बरीच कमी. उष्णता थोडी जास्त झाली तरी व्हॅनेडियम पोलादाचे कण जाड होऊ देत नाही. क्रोमियममुळे जाड पाट्यालाही आतपर्यंत पाणी चढतं, म्हणजे तो गाभ्यापर्यंत कडक होतो.

तुमच्याकडे नियंत्रित वातावरणाची (कार्बन जळू न देणारी) भट्टी आणि शॉट पीनिंगची (पृष्ठभागावर बारीक छर्रे मारून तो दाबून घेण्याची) सोय असेल, पाटेही पातळ असतील, तर ईएन-४५ खुशाल घ्या. उघड्या भट्टीवर काम असेल, तर मी तरी ईएन-४७ चे जास्तीचे पैसे मोजेन. फक्त टेस्ट सर्टिफिकेटवर व्हॅनेडियम ०.१५ टक्क्यांपेक्षा कमी दिसलं, तर माल उतरवून घेऊ नका.