फायनाइट ग्रुपचे ऑटोमॉर्फिझम की ग्रुप रिंग? संशोधनाचा विषय निवडणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. संपत आली आहे, अल्जिब्रा मनापासून आवडतो, त्यातही ग्रुप थिअरीकडे ओढा जास्त आहे, आणि पीएच.डी.साठी नेमकं काय धरावं ते ठरत नाही. अशा विद्यार्थ्यासमोर दोन विषय हमखास येतात. पहिला म्हणजे फायनाइट ग्रुपचे ऑटोमॉर्फिझम, म्हणजे ग्रुपची रचना जपून त्याचे घटक आपसांत हलवणारी फलनं, त्यातही पी-ग्रुपचे (ज्यांची ऑर्डर, म्हणजे घटकांची संख्या, एका मूळ संख्येचा घात असते). दुसरा म्हणजे पूर्णांकी ग्रुप रिंग. ग्रुपच्या घटकांना पूर्णांक सहगुणक लावून ज्या बेरजा तयार होतात त्यांची ही रिंग, आणि खरा रस असतो तिच्यातल्या युनिट्समध्ये, म्हणजे ज्यांना रिंगमध्येच गुणाकाराचा इन्व्हर्स आहे अशा घटकांमध्ये. दोन्ही विषय इतके लागून आहेत की एकीकडचा प्रश्न दुसरीकडे गेल्याशिवाय सुटत नाही, असं पुष्कळदा होतं. पण रोज वही उघडून करायचं काम मात्र दोन्हीकडे फार वेगळं आहे. निवड करताना नावापेक्षा हे रोजचं काम आपल्याला मानवेल का, ते पाहावं.

सुरुवातीलाच जाणवणारा फरक

ऑर्डर ५ चा सायक्लिक ग्रुप घ्या. त्याचे ऑटोमॉर्फिझम चार. जनरेटर कुठे पाठवायचा ते ठरवलं की काम संपलं. आता त्याच ग्रुपची पूर्णांकी रिंग घ्या. जनरेटरला क म्हणा, त्याच्या वर्गाला ख, घनाला ग आणि चौथ्या घाताला घ. मग (क + घ − १) आणि (ख + ग − १) यांचा गुणाकार करून पाहा. क·ख = ग, क·ग = घ, घ·ख = क, घ·ग = ख. सगळी पदं एकमेकांना खातात आणि उरतो फक्त १. म्हणजे (क + घ − १) हे युनिट आहे, आणि ते ग्रुपमधल्या कुठल्याही घटकासारखं दिसत नाही. त्याचे घात घेत गेलात तर दर वेळी नवं युनिट मिळतं, कुठे थांबणंच नाही. पाच घटकांचा साधा ग्रुप, आणि रिंगमध्ये अनंत युनिट्स.

असं घडत नाही असे ग्रुप मोजकेच आहेत. ग्रॅहम हिगमनने १९४० मध्ये त्यांची पूर्ण यादी दिली: ज्यांचा एक्स्पोनंट (सर्व घटकांच्या ऑर्डरचा लसावि) ४ ला किंवा ६ ला भाग देतो असे अबेलियन ग्रुप, आणि ऑर्डर ८ चा क्वाटर्निअन ग्रुप गुणिले एलिमेंटरी अबेलियन २-ग्रुप. बाकी सर्व ठिकाणी ग्रुपबाहेरची युनिट्स आहेतच.

ऑटोमॉर्फिझमच्या बाजूला फायनाइट ग्रुपचा ऑटोमॉर्फिझम ग्रुपही फायनाइटच असतो. त्यामुळे उदाहरण घ्या, मोजा, तक्ता करा, अंदाज बांधा, असं काम पहिल्या आठवड्यापासून सुरू होतं. ग्रुप रिंगमध्ये सगळी युनिट्स मांडून पाहण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे अप्रत्यक्ष पुराव्यांवर काम करावं लागतं.

एकच ऑटोमॉर्फिझम, दोन्हीकडून पाहिलेला

दोन्ही विषयांचा स्वभाव एका उदाहरणात दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो.

मॉड्युलो ८ मध्ये क्ष ला (अ·क्ष + ब) कडे नेणारी फलनं घ्या. अ म्हणजे १, ३, ५, ७ पैकी एक, ब कुठलाही. हा ऑर्डर ३२ चा ग्रुप. आता एक ऑटोमॉर्फिझम असा करा: अ जर १ किंवा ३ असेल तर फलनाला हात लावायचा नाही, अ जर ५ किंवा ७ असेल तर ब च्या जागी ब + ४ लिहायचं. हा खरोखर ऑटोमॉर्फिझम आहे हे दोन ओळींत तपासता येतं, कारण विषम संख्येने ४ ला गुणलं तरी मॉड्युलो ८ मध्ये ४ च येतात.

तो इनर आहे का, म्हणजे ग्रुपमधल्याच एखाद्या घटकाने कॉन्जुगेट करून (एका बाजूने तो घटक आणि दुसऱ्या बाजूने त्याचा इन्व्हर्स लावून) मिळतो का? 'ट ने सरकवणे' या फलनाने कॉन्जुगेट केलं की अ तसाच राहतो आणि ब मध्ये (१ − अ)·ट ची भर पडते. अ = ५ साठी ४ ची भर हवी तर ट विषम घ्यावा लागतो. अ = ७ साठी तीच भर हवी तर ट २ किंवा ६ असावा लागतो. अ = ३ साठी भर शून्य हवी, म्हणजे ट ० किंवा ४. प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र ट सापडतो, म्हणजे प्रत्येक घटक आपल्याच कॉन्जुगसी क्लासमध्ये राहतो. पण सगळ्यांना चालेल असा एक ट नाही. आणि ट सोडून दुसरं काही चालणारही नाही, कारण हा ऑटोमॉर्फिझम नुसत्या सरकवण्यांना जागेवरच ठेवतो. त्यामुळे त्याला घडवणारा घटक सर्व सरकवण्यांशी कम्यूट करणारा, म्हणजे स्वतः सरकवणाच असला पाहिजे. तेव्हा हा ऑटोमॉर्फिझम क्लास जपतो, पण इनर नाही.

असे ऑटोमॉर्फिझम असतात का, हा प्रश्न बर्नसाइडने १९११ मध्ये विचारला आणि १९१३ मध्ये स्वतःच उदाहरण दिलं. ऑर्डर ३२ चं वरचं उदाहरण वॉलच्या १९४७ च्या कामातून आलेलं आहे. ऑटोमॉर्फिझमचा अभ्यासक इथून पुढे विचारतो: कोणत्या पी-ग्रुपमध्ये असे ऑटोमॉर्फिझम आहेत, किती आहेत, त्यांचा ग्रुप कसा दिसतो? हे सगळं हिशेबाचं काम आहे, कम्युटेटर, सेंटर आणि सेंट्रल सिरीज यांच्या भाषेत.

ग्रुप रिंगवाला वेगळं विचारतो. ग्रुपमधला कोणताही घटक हा ऑटोमॉर्फिझम घडवत नाही, ठीक. पण रिंगमध्ये तर कितीतरी जास्त युनिट्स आहेत, त्यातलं एखादं घडवेल का? यालाच नॉर्मलायझर प्रॉब्लेम म्हणतात. उत्तर कोलमनच्या १९६४ च्या युक्तिवादात आहे, आणि तो मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत सुंदर युक्तिवाद वाटतो.

समजा युनिट उ ने ऑटोमॉर्फिझम फ घडवला. ग्रुपमधला एक पी-सबग्रुप घ्या. त्यातल्या प्रत्येक घटक स साठी, उ च्या डावीकडून स चा इन्व्हर्स आणि उजवीकडून फ(स) लावलं तर उ तसंच राहतं. याचा अर्थ, ही क्रिया ग्रुपच्या घटकांना ज्या ऑर्बिटमध्ये वाटते, त्या प्रत्येक ऑर्बिटवर उ चे सहगुणक सारखे आहेत. पी-सबग्रुपच्या ऑर्बिटची लांबी पी चा घात असते. पण युनिटच्या सहगुणकांची एकूण बेरीज +१ किंवा −१, तिला पी ने भाग जात नाही. म्हणून एकतरी ऑर्बिट एकाच घटकाचा असायला हवा. त्या घटकाला न म्हणा. मग त्या संपूर्ण पी-सबग्रुपवर फ म्हणजे न ने केलेलं कॉन्जुगेशनच. संपलं.

आपला ३२ चा ग्रुप स्वतःच २-ग्रुप आहे. म्हणून त्याच्यावर रिंगमधून आलेला कोणताही ऑटोमॉर्फिझम इनरच. आपला इनर नाही, तेव्हा कोणतंही युनिट तो घडवू शकत नाही. ग्रुपला जो प्रत्येक घटकापुरता इनरसारखा भासला, त्याला रिंगने ओळखून बाहेर ठेवलं.

मोठे प्रश्न कुठवर आले आहेत

ग्रुप रिंगमधला मध्यवर्ती प्रश्न हिगमनचा: दोन ग्रुपच्या पूर्णांकी रिंग आयसोमॉर्फिक असतील तर ग्रुपही आयसोमॉर्फिक असतात का? मेटाबेलियन ग्रुपसाठी (ज्यांचा कम्युटेटर सबग्रुप अबेलियन असतो) व्हिटकॉम्बने १९६८ मध्ये होकार दिला, निलपोटंट ग्रुपसाठी रोगेनकांप आणि स्कॉट यांनी १९८७ मध्ये. आणि २००१ मध्ये मार्टिन हर्टवेकने प्रतिउदाहरण दिलं. त्याच्या ग्रुपची ऑर्डर २ चा २१ वा घात गुणिले ९७ चा २८ वा घात. या बांधणीच्या मुळाशी एक ऑटोमॉर्फिझमच आहे: ग्रुपमध्ये इनर नसलेला, पण रिंगमध्ये युनिटने घडवता येणारा. असा ऑटोमॉर्फिझम हातात आला की त्याने पीळ देऊन केलेला सेमीडायरेक्ट प्रॉडक्ट आणि पीळ न दिलेला, हे ग्रुप म्हणून वेगळे ठरू शकतात. रिंगला मात्र तो पीळ युनिटने सोडवता येतो. अनंत ग्रुपसाठी हा धागा माझूरने १९९५ मध्ये दाखवला होता. फायनाइट ग्रुपमध्ये तो तडीस नेणं हे हर्टवेकचं काम. ऑटोमॉर्फिझम शिकलेल्याला ग्रुप रिंगमध्ये काय मिळतं, असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवतो.

त्यानंतर इथे बरीच पडझड झाली आहे. झासेनहाउसचं अंदाजविधान असं होतं की रिंगमधलं फायनाइट ऑर्डरचं प्रत्येक युनिट, परिमेय सहगुणकांच्या रिंगमध्ये, ग्रुपच्या एखाद्या घटकाशी किंवा त्याच्या ऋणाशी कॉन्जुगेट असतं. आयझेले आणि मार्गोलिस यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ते खोटं ठरवलं. पूर्णांकांऐवजी दोन घटकांच्या फील्डमधले सहगुणक घेतले तर २-ग्रुपसाठी उभा राहणारा आयसोमॉर्फिझम प्रश्न गार्सिया-लुकास, मार्गोलिस आणि देल रिओ यांनी २०२२ मध्ये ऑर्डर ५१२ च्या दोन ग्रुपवर मोडला. विषम पी साठी तो अजून उघडा आहे. युनिट्सच्या ऑर्डरमधून ग्रुपचा प्राइम ग्राफ (मूळ संख्या हे बिंदू, आणि दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या ऑर्डरचा घटक असेल तर त्या जोडलेल्या) मिळतो का, हा किमर्लेचा प्रश्नही उघडा आहे.

ऑटोमॉर्फिझमकडे गाश्यूत्सचं १९६६ चं प्रमेय पायाचं आहे: पी पेक्षा मोठ्या ऑर्डरच्या प्रत्येक पी-ग्रुपला पी च्या घाताच्या ऑर्डरचा, इनर नसलेला ऑटोमॉर्फिझम असतो. ती ऑर्डर नेमकी पी मिळवता येते का, हा बेर्कोविचचा प्रश्न, नॉन-अबेलियन पी-ग्रुपसाठी, कौरोव्का नोटबुक या प्रश्नसंग्रहात १९७३ पासून पडून आहे. निलपोटन्सी क्लास २ चे आणि पॉवरफुल पी-ग्रुप अशा कित्येक प्रकारांसाठी उत्तर हो आहे; सर्वसाधारण उत्तर नाही. दुसरा जुना अंदाज होता की पी च्या वर्गापेक्षा मोठ्या ऑर्डरच्या नॉन-सायक्लिक पी-ग्रुपची ऑर्डर त्याच्या ऑटोमॉर्फिझम ग्रुपच्या ऑर्डरला भागते. गोन्सालेस-सांचेस आणि जायकिन-झापिरेन यांनी २०१५ मध्ये तो प्रत्येक मूळ संख्येसाठी खोटा ठरवला.

नवशिक्याच्या दृष्टीने मला इथे एक फरक महत्त्वाचा वाटतो. बेर्कोविचच्या प्रश्नात 'आणखी एक प्रकार' सोडवणं हे शोधनिबंधासाठी पुरेसं काम असतं आणि ते दोनतीन वर्षांत होऊ शकतं. त्याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे: असे निबंध साचत जातात आणि मूळ प्रश्न जागचा हलत नाही. ग्रुप रिंगमध्ये हात घालायला वेळ लागतो, पण जे शिकता ते रिप्रेझेंटेशन थिअरीत आणि नंबर थिअरीत दूरवर उपयोगी पडतं.

तयारी किती लागेल

ऑटोमॉर्फिझमसाठी सिलो प्रमेयं, निलपोटंट ग्रुप, कम्युटेटरचे नियम, आणि पुढे ग्रुप कोहोमॉलॉजीची पहिली दोन पदं. एम.एस्सी.चा अल्जिब्रा नीट झाला असेल तर सहा महिन्यांत वाचन सुरू होतं. ग्रुप रिंगसाठी कॅरेक्टर थिअरी पक्की हवी, त्यावर अल्जिब्राइक नंबर थिअरी आणि पी-अ‍ॅडिक पूर्णांक. कॅरेक्टर टेबल पाहून कंटाळा येणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन.

संगणक दोन्हीकडे लागतो आणि दोन्हीकडे गॅप हीच प्रणाली. तिच्यात ऑर्डर २००० पर्यंतचे, फक्त १०२४ वगळून, सगळे ग्रुप तयार मिळतात. ऑर्डर ३२ चे ५१ ग्रुप एका संध्याकाळी चाळून होतात. ५१२ चे १,०४,९४,२१३ आहेत, तिथे आधी डोकं चालवावं लागतं. युनिट्ससाठी गॅपमध्ये हेल्प नावाचं पॅकेज आहे. त्यामागची पद्धत आपल्याकडची आहे: आय. एस. लूथर आणि आय. बी. एस. पासी यांनी १९८९ मध्ये ऑर्डर ६० च्या अल्टरनेटिंग ग्रुपसाठी झासेनहाउसचं विधान सिद्ध केलं, तेव्हा कॅरेक्टरच्या किमतींवरून सहगुणकांवर अटी काढण्याची ही रीत वापरली. पुढे हर्टवेकने ती वाढवली. पासींमुळे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात ग्रुप रिंगची परंपरा उभी राहिली. पी-ग्रुपच्या ऑटोमॉर्फिझमवर, क्लास जपणाऱ्यांवर सुद्धा, प्रयागराजच्या हरीशचंद्र संशोधन संस्थेत भरीव काम झालं आहे. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याने गावाबाहेर पडायची तयारी ठेवावी. या विषयांत मार्गदर्शकाशी बसून एकेक लेमा तपासण्याला पर्याय नाही.

मग काय घ्यावं

हाताने हिशेब करण्यात रमता आणि लवकर स्वतःचं काहीतरी सिद्ध करायचं आहे, तर ऑटोमॉर्फिझम. एका प्रश्नासाठी तीनचार विषय शिकायची तयारी आहे आणि पहिली दोन वर्षं हाती काही लागलं नाही तरी चालेल, तर ग्रुप रिंग.

ज्याचं ठरत नाही त्याला मी सीमेवरचा विषय सुचवतो: कोलमन ऑटोमॉर्फिझम, म्हणजे प्रत्येक सिलो सबग्रुपवर (मूळ संख्येच्या घाताच्या ऑर्डरचा शक्य तितका मोठा सबग्रुप) इनरसारखे वागणारे. व्याख्या निव्वळ ग्रुप थिअरीची आहे, त्यामुळे सुरुवातीला ऑटोमॉर्फिझमचीच हत्यारं पुरतात, आणि निघालेलं प्रत्येक उत्तर नॉर्मलायझर प्रॉब्लेमला थेट लागू पडतं. पी-ग्रुपचं काम कोलमनने उरकलं. नॉर्मल सिलो २-सबग्रुप असलेले ग्रुप, म्हणून विषम ऑर्डरचे सगळेच, जाकोव्स्की आणि मार्चिनिआक यांनी १९८७ मध्ये निकालात काढले. हर्टवेकचं नॉर्मलायझर प्रॉब्लेमचं प्रतिउदाहरण २ आणि ९७ मिसळून, २ चा २५ वा घात गुणिले ९७ चा वर्ग इतक्या ऑर्डरवर आहे. अवघड जागा त्यामुळे नेमकी माहीत आहे: सम ऑर्डर, एकाहून अधिक मूळ संख्या, आणि नॉर्मल नसलेला सिलो २-सबग्रुप. या वर्णनात बसणारे छोटे ग्रुप गॅपमधून काढा, त्यांचे क्लास जपणारे ऑटोमॉर्फिझम मोजा, त्यातले कोलमन किती ते वेगळे करा, आणि तो तक्ता घेऊन मार्गदर्शकाकडे जा.