प्रादेशिक निधीवर देखरेख: पोलंड, इटली की हंगेरी?

युरोपीय संघाने 2021-27 साठी प्रादेशिक विकासाला सुमारे 392 अब्ज युरो ठेवले आहेत. नियमावली सगळ्यांना एकच, पण हिशेबाची शिस्त देशागणिक वेगळी. विकास निधीची यंत्रणा कुणाच्या धर्तीवर आखावी, हे ठरवताना हे तीन देश शेजारी ठेवून पाहावेत.

सर्वांत मोठा वाटा पोलंडचा, सुमारे 76 अब्ज युरो. त्यातला बराच पैसा 16 प्रांतांच्या स्वतंत्र कार्यक्रमांतून जातो. प्रकल्प प्रांतिक सरकार निवडतं, लेखापरीक्षण मात्र राष्ट्रीय महसूल प्रशासनाच्या प्रमुखाकडे असतं. खर्च करणारा आणि तपासणारा वेगळा असणं सगळ्याच देशांना बंधनकारक आहे. पोलंडमध्ये ते दोघं सत्तेच्या दोन वेगळ्या पातळ्यांवर बसतात, म्हणून त्या नियमाला धार येते.

तरीही नुसत्या रचनेवर विसंबू नये. लक्झेंबर्गमधल्या, संघाच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांना 2023 च्या संघभरच्या अशा खर्चात अंदाजे 9.3 टक्के चूक आढळली. मर्यादा 2 टक्के आहे. ही सगळी अफरातफर नव्हे. अपात्र खर्च, टेंडरचे मोडलेले नियम असंही त्यात येतं. पण देशोदेशीच्या तपासनीसांच्या हाताखालून हे सगळं आधी पास झालं होतं, हे गंभीर आहे.

म्हणून मला इटली महत्त्वाचा वाटतो. तिथला खर्च अनेकदा रेंगाळतो आणि वेळेत न उचललेला पैसा बुडण्याची टांगती तलवार राहते. पण 2012 पासून ‘ओपनकोएझिओने’ या सरकारी संकेतस्थळावर एकेक प्रकल्प उघडून बघता येतो: काम कुठलं, कुणाकडे, मंजूर किती, प्रत्यक्ष दिले किती. शाळकरी मुलं आपल्या गावातला एखादा प्रकल्प निवडतात, जागेवर जातात, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात. बिलं जुळली तरी काम झालं का, हे अशाच भेटीत कळतं.

हंगेरीत सूत्रं मंत्रालयांकडे एकवटलेली. सरकारी खरेदीतले गैरप्रकार आणि हितसंबंधांचा संघर्ष यांवर बोट ठेवत डिसेंबर 2022 मध्ये संघाने 6.3 अब्ज युरो रोखले. त्यातले सुमारे 1 अब्ज 2024 अखेर कायमचे गेले. बाहेरून बसलेला असा दट्ट्या उशिरा बसतो आणि त्याची झळ निधीची वाट पाहणाऱ्या गावांना लागते.

प्रांतिक सरकारं आधीच सक्षम असतील तर पोलंडची घडण घ्यावी. ती नसतील तर इटलीपासून सुरुवात करावी. प्रकल्पवार आकडे खुले करायला सत्तेची फेरमांडणी लागत नाही.