नवीन म्हणून विकलेली एक्सटर्नल हार्ड डिस्क आतून सव्वाचार वर्षं चाललेली निघाली

एक्सटर्नल हार्ड डिस्क घेणार असाल तर हे वाचा आणि ओळखीत कोणी घेत असेल तर त्यालाही सांगा. माझ्या धाकट्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नसराईच्या तोंडावर त्याने एका दुकानातून 4 टीबीची घेतली, ॲडॉप्टरवर चालते ती मोठी, सीलबंद खोका, दुकानाचं बिल आणि वॉरंटीही दुकानाचीच. भाव इतरांपेक्षा थोडासाच कमी, त्यामुळे संशय यायचं काही कारणच नव्हतं.

दोन-तीन लग्नं त्यात टाकून झाली आणि कॉपी मध्येच अडकायला लागली, आतून टक टक आवाज. डिस्कची हेल्थ दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलं तर लॅपटॉपची एसएसडी दिसते, ही डिस्क यादीतच नाही. दुकानदार म्हणे, "साहेब, एक्सटर्नलची हेल्थ कुठेच दिसत नसते, यूएसबी आहे ना ती," आणि काळ्या विंडोत कमांड मारून स्टेटस 'ओके' दाखवलं त्याने. साफ खोटं आहे हे! अशा मोठ्या केसमध्ये साधी साटा डिस्कच असते, डेस्कटॉपच्या आत बसते तशी, आणि मध्ये तिला यूएसबीशी जोडणारी ब्रिज चिप. बऱ्याचशा चिप डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती हेल्थची नोंद, पुढे पाठवतात, काही पाठवत नाहीत, आणि तशीच केस वापरली की आतला माल झाकला जातो. यूएसबीवर विंडोजने दाखवलेल्या त्या 'ओके'वर तर अजिबात जाऊ नका. लिनक्सवाल्यांनी हाच रिपोर्ट वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडला सॅट ऑप्शन देऊन बघा, कधी कधी त्याने दिसतं, आमचं नाही दिसलं.

शेवटी डिस्क केसमधून काढून स्टुडिओच्या डेस्कटॉपला थेट साटा केबलने जोडली. पॉवर ऑन अवर्स 37 हजार! वर्षाचे तास होतात 8760, म्हणजे सव्वाचार वर्षं चालू, आणि चालू-बंदचा आकडा शंभराच्याही आत, म्हणजे दिवसरात्र बंदच न होणाऱ्या मशीनमधली, मला तरी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधलीच वाटते. सी5 च्या ओळीत, म्हणजे पेंडिंग सेक्टरला (नीट वाचता न येणाऱ्या जागा), शेवटी 18 होतं, पण ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या हिशोबात, खरे 24. सेटिंगमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यू दहाच्या हिशोबात करून घ्या. 5 (खराब म्हणून बदललेल्या जागा), सी5, सी6 (दुरुस्तच न होणाऱ्या जागा) या तिन्हीत शून्यच हवं.

आणि तास कमी दिसले म्हणून डिस्क नवीनच असंही नाही बरं का, तेही पुसतात. 2025 च्या जानेवारीत जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क आकडे शून्य करून नवीन म्हणून विकल्याचं उघड झालं, त्या पकडल्या गेल्या सीगेटच्या डिस्कमध्येच असलेल्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीमुळे, ती स्मार्टसीटीएल 7.4 पासून वाचता येते.

घेताना दुकानातच लावून बघा, क्रिस्टलडिस्कइन्फोच्या यादीत दिसत नसेल तर घेऊच नका. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा. आमच्या बिलावर तो नाही, म्हणून दुकानदार आता म्हणतो आतली डिस्क तुम्हीच बदलली, इतका निर्लज्जपणा! 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार केलीये.

अशी डिस्क आधीच घरात असेल तर आधी महत्त्वाचा डेटा दुसरीकडे काढा, विंडोजची डिस्क तपासणी, चेकडिस्क वगैरे, नंतर, कारण अशा अर्धमेल्या डिस्कवर पूर्ण स्कॅन लावला तर उरलेलंही जाऊ शकतं.