सहा दिवसांचा विमा, आठ महिन्यांचं दुखणं: वडिलांच्या आरोग्य पॉलिसीचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैत दादा, म्हणजे माझे वडील, मोरीत घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. वय ७२, बीपी आणि साखर दोन्ही आहेत. त्यांच्या नावावर पाच लाखांची पॉलिसी होती. पाच वर्षं आम्ही न चुकता हप्ता भरला होता, पण वापरायची वेळ पहिल्यांदाच आली. त्यानंतरच्या आठ महिन्यांत सरकारी दवाखान्यापासून विमा कंपनीच्या तक्रार विभागापर्यंत सगळीकडे मीच धावपळ केली. तेव्हा जे माहीत नव्हतं आणि माहीत असायला हवं होतं, ते इथे लिहितेय.

पहिला फोन १०८ ला केला. गाडी फुकट, सोबत डॉक्टर. त्यांनी तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं. तिथे एक्स-रे काढला, पाय नीट बांधला, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रॉड टाकावा लागेल, इथे ती सोय नाही. सिव्हिलला चिठ्ठी देतो, नाहीतर तुमच्या सोयीने बघा." प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, मग जिल्ह्याचं सिव्हिल अशी ही उतरंड असते, आणि कुठल्या पायरीवर काय होतं हे आपल्याला अडल्याशिवाय कळत नाही. पॉलिसी होती म्हणून आम्ही खासगीत गेलो.

आता मुख्य मुद्दा. रात्री अकराच्या सुमारास ॲडमिशन काउंटरवर मुलीने विचारलं, "ताई, रूम कुठली देऊ? ट्विन शेअरिंग (दोघांची खोली) भरलंय, सिंगल आहे, सात हजार." मी हो म्हटलं. वडील स्ट्रेचरवर कण्हत असताना कुणीही हो म्हणेल. पण आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती, विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. मला वाटलं, वरचे दोन हजार आपण भरू. तसं नसतं. मर्यादेबाहेरची खोली घेतली की सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर (ओटी), नर्सिंग या सगळ्या खर्चाला त्याच प्रमाणात कात्री लागते. सातातले पाच कंपनीचे, दोन आपले. कारण बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत खोली जितकी वरची, तितकं तेच ऑपरेशनही महाग लावलं जातं. जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथे ही कपात करता येत नाही.

आकड्यांतच सांगते. एकूण बिल २,६९,२६० रुपये. त्यात खोलीचे सहा दिवसांचे ४२,०००, डॉक्टर-ओटी-नर्सिंगचे १,४०,०००, औषधं, आतला रॉड आणि तपासण्या मिळून ८४,००० आणि किरकोळ ३,२६०. कंपनीने दिले १,९०,०००. खोलीतले १२,००० गेले, ते समजलं. डॉक्टर-ओटीतले ४०,००० गेले, ते कळल्यावर वाईट वाटलं, पण नियमाप्रमाणेच होतं. किरकोळ म्हणजे डायपर, क्रेप बँडेज, मास्क वगैरे. अशा न मिळणाऱ्या वस्तूंची ६८ नावांची यादीच पॉलिसीच्या शेवटी जोडलेली असते. ती बहुतेक कुणी उघडत नाही, मीही उघडली नव्हती. मात्र रॉड, औषधं आणि तपासण्यांमधूनही त्याच प्रमाणात २४,००० कापले होते, आणि तिथे चूक होती. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांनुसार औषधं, शरीरात बसवायच्या वस्तू आणि निदानाच्या तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही.

हे मला एका मैत्रिणीने दाखवून दिलं, ती विम्याचंच काम करते. पॉलिसीतल्या या कपातीच्या व्याख्येच्या पानाचा फोटो आणि बिलातले आकडे जोडून मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. सतराव्या दिवशी २४,००० खात्यात आले. नसते आले तर बीमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जायची तयारी ठेवली होती. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. आपल्याकडे मुंबई, ठाणे आणि पुण्यात ही कार्यालयं आहेत. कपातीचा तपशील वाचून पाहिल्याशिवाय सोडून देऊ नका, ही माझी अगदी मनापासूनची विनंती आहे. मीही सोडून देणारच होते.

आणखी एक गोष्ट अजून टोचते. चौथ्या दिवशी ट्विन शेअरिंगमधला एक बेड रिकामा झाला होता. सिस्टरने सहज सांगितलंही. पण दादांना हलवायला नको म्हणून मी विषय तिथेच संपवला. त्या एका वाक्याची किंमत तेव्हा कळली असती, तर निदान काउंटरवर जाऊन विचारलं असतं.

कॅशलेसबद्दल, म्हणजे कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे भरायच्या सोयीबद्दल, लोक सरसकट तक्रार करतात, त्यातली थोडी बाजू नीट समजून घ्यायला हवी. टीपीए म्हणजे मधली संस्था. ती कागद तपासते, पैसे कंपनीचे असतात आणि दावा नाकारायचा निर्णयही कंपनीचाच असतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे पहिली मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी लागते. आमची पहिली मंजुरी खरंच पाऊण तासात आली. घरी सोडण्याचा दिवस मात्र विसरणार नाही. सकाळी दहाला डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला. दादांनी तेव्हाच धुतलेला सदरा घातला, केस विंचरले आणि वॉकरवर एक हात ठेवून पलंगाच्या कडेला बसून राहिले. सलाईन काढलेल्या जागी कापसाचा बोळा चिकटवलेला होता. दर थोड्या वेळाने ते विचारायचे, "आली का गं चिठ्ठी?" दुपारी एकला त्यांना परत आडवं केलं. मंजुरी आली ती पाच वीसला.

रागाच्या भरात मी टीपीएच्या हेल्पलाइनवर बरंच बोलले. मग त्यांनी वेळेची नोंद वाचून दाखवली. हॉस्पिटलने अंतिम बिल पाठवलंच होतं तीन दहाला. तीन तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं, डॉक्टरांच्या सहीपासून नाही. आधीचे पाच तास फाईल बिलिंगमध्ये आणि औषधं परत करण्याच्या हिशेबात अडकली होती. म्हणजे जे करायचं ते आदल्या संध्याकाळी: उरलेली औषधं मेडिकलला परत करा, तोपर्यंतचं कच्चं बिल मागून घ्या आणि बिलिंगला सांगून ठेवा की उद्या डिस्चार्ज आहे. सप्टेंबरमध्ये मावशीच्या वेळी आम्ही असंच केलं, दुपारी दोनला घरी होतो.

घरी आल्यावर कळलं की विमा संपला आणि दुखणं आता सुरू झालं. आमच्या पॉलिसीत भरतीआधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस धरतात. त्या ६० दिवसांतली फिजिओथेरपी आणि औषधं डॉक्टरांची चिठ्ठी आणि पक्की बिलं लावून मिळाली, पहिल्या एक्स-रेचेही पैसे मिळाले असते, पण तो सरकारीत फुकटच झाला होता. एकसष्टाव्या दिवसापासून सगळं आपलं. खुब्याच्या माणसाला दोन महिन्यांत कुठे बरं वाटतं? दादा तेव्हा दोन खोल्यांपुरतेच चालत होते.

तेव्हापासून आम्ही पुन्हा उपजिल्हा रुग्णालयात जायला लागलो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा दादांकडून व्यायाम करून घेतात. "आजोबा, टाच आधी टेकवा," हे त्यांचं वाक्य आता घरात आम्हीही म्हणतो. बीपी-साखरेच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळतात. रांग मोठी असते, बाकं कमी आहेत, आणि दोनदा साखरेची गोळी संपलेली होती, तेव्हा जनऔषधीच्या स्वस्त औषधांच्या दुकानातून आणली. तरीही या आठ महिन्यांत दादांना पायावर उभं करण्यात या दवाखान्याचा वाटा पॉलिसीपेक्षा कमी नाही. हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

मधल्या काळात ७० वर्षांवरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं. उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, पांढरं कार्डही चालतं, आणि सामील रुग्णालयात मदतीसाठी आरोग्यमित्र बसलेले असतात. त्या रात्री हे डोक्यातच आलं नाही आणि आम्ही गेलो ते हॉस्पिटल योजनेत नव्हतं. आता जिल्ह्यातल्या सामील रुग्णालयांची यादी फ्रिजवर लावलीय. कार्ड वापरलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल मत देत नाही.

पॉलिसीला पाचपैकी तीन तारे. पैसे दिले, मंजुरी वेळेत दिली, चूक दाखवल्यावर सुधारली. दोन तारे खोलीच्या त्या एका ओळीसाठी कापले, कारण विकताना एजंटने पाच लाखांचा आकडा चार वेळा सांगितला आणि ही ओळ एकदाही नाही. जानेवारीत नूतनीकरण केलं, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेल्यामुळे हप्ता जरा हलका झाला. पुढच्या वेळी खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसीत पोर्ट करायचा, म्हणजे कंपनी बदलायचा, विचार आहे. आजवर भरलेल्या वर्षांचा फायदा पोर्ट करताना तसाच पुढे जातो, पण नवी कंपनी या वयात आणि या ऑपरेशननंतर घेईल का, ते तिच्या हातात आहे. अर्ज केल्यावर काय झालं ते इथेच लिहीन.