'उलटी झाली का?' विचारणारा घोड्यांचा डॉक्टर आणि माझे ४१,८४९ रुपये

लिहू की नको यात १२ दिवस गेले. लाज वाटते, कारण मी घोड्यांत नवखी नाही, १६ वर्षं पागेत वावरतेय, आणि तरीही एका माणसाने मला रात्रीच्या अडीच तासांत चार वेळा पैसे भरायला लावले. पण काल कळलं की तो नंबर अजून चालू आहे, म्हणून लिहितेय.

आमचं शिंगरू, तेजा, ९ महिन्यांचं. रात्री ११.२० ला आमच्या मोतद्दार काकांचा, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या काकांचा, फोन आला, "ताई, तेजा चाऱ्याला तोंड लावत नाही, सारखा कुशीकडे बघतोय." मी पोचेपर्यंत तो पुढच्या पायाने जमीन उकरत होता, मग बसला, लोळला, उठला, परत बसला. मान घामाने भिजलेली. ज्यांनी कॉलिक, म्हणजे घोड्याची जीवघेणी ठरू शकणारी पोटदुखी, बघितलंय त्यांना हे सांगायची गरज नाही, पोटात गोळाच येतो. संध्याकाळपासून लीद नाही असं काका म्हणाले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी ११ फोन केले. लागत नव्हता. ते एका अडलेल्या घोडीच्या बाळंतपणाला गेले होते आणि फोन गाडीत राहिला होता, हे नंतर कळलं. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे नव्हता. ही माझी चूक, पहिली आणि सगळ्यात मोठी. तुमच्याकडे घोडा असेल तर आज, आत्ता, निदान तीन डॉक्टरांचे नंबर पागेच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा, फोनमध्ये नको, भिंतीवर.

मग मी तेच केलं जे कोणीही करेल. मोबाईलवर 'घोडा पोटदुखी इमर्जन्सी डॉक्टर' असं शोधलं, सगळ्यात वर जाहिरात आली, २४ तास सेवा, फिरतं ऑपरेशन थिएटर, वगैरे वगैरे. फोन पहिल्या रिंगलाच उचलला. बोलणं इतकं सौम्य आणि धीराचं की मला रडूच आलं. "मॅडम, अजिबात घाबरू नका, केस रजिस्टर करून घेतो." ९९९ रुपये. भरले. त्या वेळी ९९९ म्हणजे काय हो, त्याने ९,९९९ मागितले असते तरी भरले असते, पुढे मागितलेच ना त्याहून जास्त.

व्हिडिओ कॉल. त्याच्या बाजूचा कॅमेरा बंद, म्हणे ऑपरेशनमधून उठून बोलतोय. मी तेजाला दाखवलं. आणि त्याचा पहिला प्रश्न, शब्द जसेच्या तसे आठवतात, "उलटी झाली का?"

इथे. हाच तो क्षण. घोडा उलटी करत नाही! अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं तोंडावाटे परत येतच नाही. घोड्याचं कॉलिक जिवावर बेततं त्याचं एक मोठं कारणच हे आहे. पुढे आतडं अडलं की पाणी आणि गॅस मागे जठरात साठत जातो, बाहेर पडायला वाट नाही, आणि वेळेत नाकातून नळी घालून तो काढला नाही तर जठर फुटतं. हे मला माहीत होतं. १६ वर्षं माहीत होतं! काका तर माझ्या शेजारी हळूच म्हणालेसुद्धा, "ताई, घोडा कधी उलटी करतो का?" आणि मी त्यांना हाताने गप्प केलं. डॉक्टर बोलतायत, मध्ये बोलू नका. त्यांना गप्प करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. मी त्यांची माफी मागितली आहे, पण ते नुसतं "असू द्या ताई" म्हणाले.

मी डोक्यात काय केलं माहितीये? मी त्याच्या वतीने उत्तर शोधलं. म्हटलं दमलाय बिचारा, दिवसभर कुत्री-मांजरं बघत असेल, सवयीने विचारलं असेल. माणूस घाबरलेला असला की समोरच्याची चूक स्वतःच झाकतो. आणि हो, मला मूर्ख म्हणणाऱ्यांना सांगते, माझे नातेवाईक म्हणालेच आहेत, तुमच्यासमोर १८० किलोचं शिंगरू जमिनीवर आपटत असताना तुम्ही शांत डोक्याने प्रश्न तपासले असते का?

पण प्रश्नच तपासा. फसवणारा पकडता येतो तो तिथेच. खऱ्या डॉक्टरांनी नंतर फोनवर पहिल्या मिनिटात जे विचारलं ते असं: वय किती, कधीपासून, शेवटची लीद कधी, नाडी किती, हिरड्यांचा रंग कसा, जंताचं औषध कधी दिलं. यातला एकही प्रश्न त्या माणसाने विचारला नाही. त्याने विचारलं उलटी, आणि मग विचारलं पेमेंट कशाने करणार.

दुसरे पैसे ४,५०० रुपये, गाडी निघण्याचे. मग एक स्क्रीनशॉट आला, नकाशावर गाडी, १२ मिनिटांवर. अर्ध्या तासाने परत पाठवायला सांगितला तर परत १२ मिनिटं, आणि वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ तेच होतं. बघितलं नाही मी. आता बघितलं, पोलिसांसाठी प्रिंट काढताना.

गाडी येईपर्यंत काय करू विचारलं तर म्हणाला अर्धा लिटर तेल तोंडातून पाजा, डोकं वर धरा म्हणजे सांडणार नाही. काका नको म्हणाले, मी तरी पाजलं. बाटलीने. तेजाला ठसका लागला, नाकातून थोडं तेल आलं, आणि मला वाटलं चला, गेलं बाकीचं पोटात. कृपा करून हे कधीच करू नका. कॉलिकच्या घोड्याला तोंडाने काहीही पाजायचं नाही, तेल नाही, काढा नाही, काहीच नाही, ते श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरतं. डॉक्टर पॅराफिन तेल देतात ते नळीने देतात, आणि आधी त्याच नळीने जठरात काय साठलंय ते बघून मगच देतात. जठर आधीच तुडुंब असेल तर नळीनेसुद्धा देत नाहीत.

त्याने इंजेक्शनही सांगितलं होतं, फ्लुनिक्सिन नावाचं वेदनाशामक, मानेत टोचा, फरक नाही पडला तर परत टोचा. नशीब की पागेत बाटली नव्हती. हे औषध चांगलंच आहे, कॉलिकमध्ये डॉक्टर देतातच, पण शिरेतून, वजनाच्या हिशोबाने. स्नायूत टोचलं तर तिथे भयंकर इन्फेक्शन होऊ शकतं, मानेत शिरेऐवजी चुकून धमनीत गेलं तर घोडा जागेवर कोसळतो, आणि वेदना तासन्‌तास झाकली जाते, म्हणजे आतलं आतडं मरत असलं तरी बाहेरून बरं वाटतं. ज्यांना स्वतःच टोचायची सवय आहे त्यांनी निदान किती दिलं आणि किती वाजता दिलं हे तरी डॉक्टरांना खरं सांगा.

१.०५ ला तिसरे पैसे, १४,७५० रुपये, सर्जिकल किटचं डिपॉझिट, परत मिळणार म्हणे. १.५० ला चौथे, २१,६०० रुपये, ऑपरेशन टेबलचं बुकिंग, कारण "व्हिडिओवरून आतड्याला पीळ दिसतोय". व्हिडिओवरून! पीळ पडलाय का हे कळायला गुदद्वारातून हात घालून तपासणी, सोनोग्राफी, पोटातलं पाणी काढून बघणं, एवढं सगळं लागतं, आणि तरी कधीकधी पोट उघडल्यावरच नक्की कळतं. तो म्हणाला पैसे आले की गाडी थेट आत घेतो, नाहीतर ती दुसऱ्या केसला जाईल. मी भरले. नवरा मागून म्हणत होता, "अगं, आधी गाडी तरी येऊ दे." मी त्याच्यावर ओरडले.

२.१५ ला फोन बंद. ९९९, ४,५००, १४,७५०, २१,६००. एकूण ४१,८४९ रुपये.

२.३० ला आमच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी फोनवरच सांगितलं, चारा काढून घ्या, शांत असेल तर उभं राहू दे, लोळत असेल तर १०-१५ मिनिटं हळू चालवा, दमवू नका, आणि एवढी जागा मोकळी करा की कोणाला लाथ लागणार नाही. ३.१० ला ते पोचले. नाडी ८४. मोठ्या घोड्याची आरामात असताना २८ ते ४४ असते, शिंगराची थोडी जास्त, पण ८४ म्हणजे धोकाच. हिरडी दाबून सोडली तर रंग परत यायला ३ सेकंदांच्या वर लागत होते, २ च्या आत यायला हवा. नळी घातल्याबरोबर जवळजवळ ४ लिटर आंबूस पाणी बाहेर आलं आणि तेजा माझ्या डोळ्यांदेखत सैलावला. ते बघून मी खालीच बसले.

कारण होतं जंत. गोल जंत, पॅरास्कॅरिस, शिंगरांत साधारण पहिल्या वर्ष-दीड वर्षात असतात, लांबीला वीतभराहून मोठे होतात. आमच्याकडून मधले दोन डोस राहून गेले होते, काका आजारी, मी बाहेर, काय काय सांगू, आणि आदल्याच दिवशी आम्ही पूर्ण डोस दिला होता. पोटात खूप जंत साठलेले असताना सगळे एकदम मेले तर त्यांचा गोळा होऊन लहान आतडं तुंबतं. म्हणूनच तो जंताच्या औषधाचा प्रश्न इतका महत्त्वाचा. ज्यांच्याकडे शिंगरू आहे आणि डोस चुकलेत त्यांनी घाईने दुकानातून आणून देऊ नका, आधी लीद तपासून घ्या, डॉक्टरांना विचारून द्या. तेजाचं सुदैव की आतडं पूर्ण बंद नव्हतं. दोन दिवस सलाईन, दर काही तासांनी नळी, मग लिदीतून मेलेले जंत पडायला लागले. ऑपरेशन टळलं. पण तेल फुफ्फुसात गेलंय, न्युमोनिया झालाय, अँटिबायोटिक चालू आहे आणि तो अजून खोकतो. जंतांमुळे आला होता तो त्रास गेला, माझ्या हाताने झाला तो राहिलाय.

आता दुसरा भाग, ज्याने माझं डोकं जास्त फिरलंय. सकाळी ६ ला बँकेच्या हेल्पलाइनला फोन, ४० मिनिटं संगीत ऐकलं, मग उत्तर की पिन तुम्ही स्वतः टाकलात, हा व्यवहार तुमच्या संमतीचा. अहो, संमती फसवूनच तर घेतली, म्हणून तर फसवणूक म्हणतात! सायबर हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर दिला, आणि जवळच्या ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात गेले तर साहेब जेवायला, मग साहेब आले तर म्हणाले घर दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा, तिकडे गेले तर म्हणाले पागा पहिल्या हद्दीत आणि पैसे पागेतून भरले ना, मग तिकडेच. परत पहिल्या ठाण्यात. तिथे एकाने विचारलं, "बाई, घोड्यासाठी एवढे पैसे?" आणि शेजारचा हसला. मी दोन रात्री झोपले नव्हते, अंगाला लिदीचा वास होता, आणि तो हसला. शेवटी अर्ज घेतला, पोच द्यायला चार दिवस लावले, पोच मागितली म्हणून आवाज चढवला. पशुवैद्यकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयात फोन केला तर म्हणे तो आमच्याकडे नोंदलेलाच नाही, त्यामुळे आम्ही कारवाई करू शकत नाही, म्हणजे खऱ्या डॉक्टरवर कारवाई होणार आणि खोट्याला मोकळं रान. आणि ज्यांनी ती जाहिरात सगळ्यात वर दाखवली त्यांचं दोन ओळींचं उत्तर, जाहिरात तपासली, नियमभंग आढळला नाही. पैसे घेऊन जाहिरात दाखवायची आणि जबाबदारी कोणाचीच नाही. प्रत्येकाने मला पुढच्या दाराकडे पाठवलं, आणि तो नंबर १२ दिवस चालूच आहे, आज रात्री कुणाचं तरी जनावर लोळत असेल आणि ते माणूस ९९९ भरत असेल.

तिसऱ्या दिवशी मला 'रिफंड विभागा'तून फोन आला, एक ॲप टाका, स्क्रीन दाखवा, पैसे परत. आवाज वेगळा, सौम्यपणा तोच. मी अर्ध्यापर्यंत गेले होते हे खरं सांगते, नवऱ्याने हातातून फोन घेतला. एकदा फसलेल्याची यादी ते ठेवतात, परत येतात, लक्षात ठेवा.

नाडी मोजायला शिका, जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं, घोडा निरोगी असतानाच शिका. आगाऊ पैसे मागणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा, आणि व्हिडिओवर तोंड दाखव म्हणा. तुमच्या मोतद्दाराला मध्ये बोलू द्या.

आणि कोणाला या प्रकारे पैसे गेले असतील, ९९९ गेले असतील तरी, स्वतःची वेगळी तक्रार करा, तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक लिहून. मला ठाण्यात स्पष्ट सांगितलंय, एकट्या तक्रारीवर काही हलणार नाही. मी सोमवारी परत जातेय. काकाही येतायत, त्यांचा जबाब लिहून घ्या म्हणून मी अर्जात लिहिलंय.