भारताचा राजकीय भिंतीनकाशा (मराठी, लॅमिनेटेड)

70 बाय 100 सेंटीमीटर, अक्षरं ठसठशीत. तेलंगण स्वतंत्र (2014), लडाख वेगळा (2019), दोन्ही बरोबर. पण दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव अजूनही दोन रंगांत. 26 जानेवारी 2020 पासून तो एकच केंद्रशासित प्रदेश आहे. गंमत म्हणजे तळाच्या सूचीत प्रदेश 8 च मोजलेत! म्हणजे सूची सुधारली, रंग जुनेच राहिले.

पुदुच्चेरी मात्र झकास: तमिळनाडूलगत कारैकल, केरळालगत माहे, आंध्रालगत यानम, तिन्ही एकाच रंगात. बरेच नकाशे हे गाळतात. राज्यसीमा आणि जिल्हासीमा जवळजवळ सारख्याच जाडीच्या, त्यामुळे मागच्या बाकावरून फरक कळत नाही. राज्यसीमा लाल मार्करने गिरवून घ्या. घडी घालू नका. लॅमिनेशन घडीवरच फाटतं.