एम.एस्सी.चा प्रोजेक्ट: नेहरूनगरची लॅब, खानापूरचं रान, की पुण्याची गाडी?

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं की तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. कुणी वनस्पतिशास्त्राचं, कुणी मायक्रोबायोलॉजीचं, कुणी बायोटेकचं. विचारणं एकच: "ताई, चौथ्या सेमला प्रोजेक्ट कुठं करू?" मी खानापूर तालुक्यातली. एम.एस्सी. बेळगावातच झालं आणि आता दुसऱ्यांच्या प्रोजेक्टच्या वह्या तपासायचं काम माझ्याकडं आहे. फोनवर उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

बहुतेक जण संस्थेच्या नावावरून ठरवतात. मी आधी दोनच गोष्टी विचारते. तुमची नोंदवही आठवड्यातून एकदा कोण वाचणार? आणि तुम्ही निवडलेला जीव, झाड किंवा नमुना जानेवारी ते मे या महिन्यांत हाती लागतो का? या दोन्हींची उत्तरं मिळाली की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

आपल्याच विभागात

घरचा डबा, ओळखीचे सर-मॅडम, वेगळी फी नाही. घरची जबाबदारी अंगावर असेल, किंवा नेट आणि गेटचा अभ्यास बरोबरीनं करायचा असेल, तर हा पर्याय कमी लेखू नका. गाईड त्याच मजल्यावर बसतात. प्लेटवर नको ती बुरशी उगवली, तर ती उचलून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

अडचण दोन ठिकाणी येते. एका गाईडकडं मुलं फार असतात, आणि विषय तेच ते फिरतात. अमक्या पानाचा अर्क, तमके चार जिवाणू, प्लेटमधल्या अर्काच्या खड्ड्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये. पान बदलतं, बाकी सगळं गेल्या वर्षीचं. हाच प्रयोग शिकण्यासारखा करता येतो, पण त्यासाठी प्रश्न नेमका हवा. उसाच्या रानातली माती आणि शेजारच्या पड जमिनीतली माती घ्या, फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू दोन्हींत मोजा, प्रत्येक नमुना तीनदा लावा. उपकरणं साधी पुरतात, आणि निकालातून काहीतरी कळतं.

माझा स्वतःचा प्रोजेक्ट असाच विभागात झाला. मार्चमध्ये डीप फ्रीझर बंद पडला आणि तीन महिन्यांचे कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, गेले. दुसरीकडं प्रत ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी बसस्टँडवर बसून रडले होते. तुम्ही कुठंही जा, पण पहिल्याच आठवड्यात स्टॉकची दुसरी प्रत दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या फ्रीजमध्ये ठेवा.

नेहरूनगर: गावातल्या गावात मोठी लॅब

बेळगावच्या मुलांना एका गोष्टीचं महत्त्व उशिरा कळतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आपल्या नेहरूनगरात आहे. 2006 साली ती प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, म्हणून जुनी माणसं अजून 'आरएमआरसी' म्हणतात. पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पती हा तिथला मुख्य धागा. वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह म्हणजे हर्बेरियम तिथं आहे, आणि या भागातल्या कितीतरी शोधनिबंधांत झाडाची ओळख तिथूनच पक्की केलेली दिसते. जवळच केएलईचं वैद्यकीय विद्यापीठ आहे, त्यांचं मूलभूत विज्ञान संशोधन केंद्र आहे. दंतवैद्यक महाविद्यालयांच्या लॅबमध्येही सूक्ष्मजीवांचं काम चालतं.

इथं जाण्याचा फायदा शिस्तीचा. वही बांधील पानांची, तारीख रोजची, खाडाखोड एका रेघेत. द्रावण कुणी आणि कधी केलं हे बाटलीवर लिहिलेलं. ही सवय चार महिन्यांत अंगात मुरली, तर पुढं पीएच.डी.त ती फार उपयोगी पडते.

पण तिथं तुमचा रोजचा माणूस शास्त्रज्ञ नसतो. तो असतो एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी किंवा प्रोजेक्टवरचा सहायक. तो चांगला असेल तर तुम्ही तरलात. म्हणून होकार देण्याआधी त्याला भेटा. त्याचं स्वतःचं काम त्याच महिन्यांत संपत असेल आणि तो प्रबंध लिहायला बसणार असेल, तर तुम्ही एकटे पडाल. शिवाय काही लॅब प्रशिक्षणाची फी घेतात, काही ठिकाणी रसायनं तुम्ही आणायची असतात. हे आधी विचारण्यात लाज नाही. आकडा घरी सांगायचा असतो, आणि बाबांनी पीककर्जातून काढून दिलेल्या पैशाचा हिशेब आपल्याकडं असलाच पाहिजे.

वैद्यकीय लॅबमध्ये आणखी एक गोष्ट आड येते. माणसाचं रक्त, लाळ, लघवी काहीही वापरायचं असेल, तर संस्थेच्या नीती समितीची मंजुरी आधी लागते. उंदीर-सशांवरच्या प्रयोगांना प्राणी नीती समितीची मंजुरी लागते. नवा विषय घेऊन गेलात, तर समितीची बैठक होईपर्यंत सेमिस्टर सरतं. मंजुरी मिळालेलं, आधीच चालू असलेलं काम मागा आणि त्यातला एक तुकडा स्वतःचा करून घ्या.

खानापूरचं रान

मन माझं इथं आहे, म्हणून इथं जास्त लिहिणार, आणि सावधही जास्त करणार.

भीमगड अभयारण्य 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. तळेवाडी, कृष्णापूर, गवाळी, देगाव ही गावं आपल्यातल्या कितीतरी जणांच्या नात्यागोत्याची. म्हादई याच रानात उगम पावते, मलप्रभा कणकुंबीला. बारापेडे गुहांमधलं वटवाघूळ 1913 साली जगासमोर आलं आणि शतक संपेपर्यंत त्याची दुसरी जागाच कुणाला ठाऊक नव्हती. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. चोर्ल्याच्या मातीत मिळालेलं देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर, 2007 साली नवी जात म्हणून नोंदवलं गेलं आणि त्याला म्हादईचं नाव मिळालं. दारात एवढं वैभव असताना आपली मुलं परगावची पानं वाटून अर्क काढतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही प्रत्येकाला रानात पाठवणार नाही. आधी ऋतू बघा. चौथं सेमिस्टर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊन मे-जूनला संपतं. बेडूक, देवगांडूळ, सड्यावरची फुलं, कंदिलाच्या आकाराची फुलं येणारी कंदीलपुष्पं या सगळ्यांचा काळ जून ते ऑक्टोबर. विषय 'बेडकांची विविधता' आणि काम मार्चमध्ये, हे जुळणारं नाही. उन्हाळ्यात चालतील असे विषय वेगळे: झाडांवरची दगडफुलं, फळं खाणारे पक्षी, डोहांतल्या पाण्याची तपासणी, देवराईतल्या झाडांची मोजणी, वैदूंकडच्या माहितीची नोंद. पावसाळ्यातलंच काम करायचं असेल, तर दुसऱ्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीपासून नोंदी घ्यायला लागा आणि चौथ्यात विश्लेषण करा.

दुसरी गोष्ट परवानगी. अभयारण्यात संशोधनासाठी शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, त्यांचं कार्यालय बेंगळुरूला. 1972 च्या वन्यजीव कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीच्या प्राण्याला हात लावायचा, तर प्रकरण केंद्र सरकारपर्यंत जातं. ते वटवाघूळ त्याच अनुसूचीत आहे. एम.एस्सी.च्या वेळापत्रकात ते बसत नाही. त्यामुळे अभयारण्याबाहेरची जागा, मालकी रान, देवस्थानची राई किंवा गावचा तलाव निवडणं शहाणपणाचं. गावकऱ्यांची आणि मालकाची संमती तिथंही घ्याच. वनखात्याला अर्ज कन्नडमध्ये द्या. आपल्यातल्या ज्यांना कन्नड लिहिता येत नाही, त्यांनी वर्गातल्या कन्नड मैत्रिणीला बरोबर घ्यावं. गार्डशी दोन वाक्यं कन्नडमध्ये बोललं की माणूस मोकळा होतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

भाषेचा फायदा मात्र आपल्याकडंच आहे. जांबोटी-कणकुंबीकडची वैदू माणसं झाडाचं नाव मराठी-कोकणी मिसळून सांगतात. ते बाहेरून आलेल्या संशोधकाला नीट उतरवता येत नाही, आपल्याला येतं. फक्त एक लक्षात ठेवा. आजोबांनी सांगितलेली माहिती त्यांची आहे. लिहून घेण्याआधी कशासाठी घेतोय ते सांगा, आणि नाव छापू का हे विचारा.

झाड आणताना फूल किंवा फळ असलेली फांदी आणा. मी एकदा फेब्रुवारीत एका रानवेलीची नुसती पानं पोतंभर आणली, वाळवली, दळलीसुद्धा. ओळख पटवून घ्यायला गेले तर तिथल्या तज्ज्ञ बाईंनी शांतपणे विचारलं, "फूल कुठं आहे?" पावडरीतून जात सांगता येत नाही. आख्खा महिना वाया गेला.

आणि गोचीड. तिच्या चाव्यातून होणारा माकडताप 1957 साली शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. 2015-16 पासून तो आपल्या सीमेलगतच्या सत्तरी आणि दोडामार्गात आढळतो आहे. त्याचा जोर हिवाळा-उन्हाळ्यातच, म्हणजे नेमका तुमच्या प्रोजेक्टच्या महिन्यांत. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, परतल्यावर अंग तपासून आंघोळ. ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेले होते" हे पहिलं वाक्य. रानात एकट्यानं जायचं नाही, हा माझा नियम मी कुणासाठीच मोडत नाही.

रान आणि लॅब जोडणारा एक मधला मार्ग मला आवडतो. घाटात वाढणाऱ्या नरक्या या झाडाचं उदाहरण घ्या. कर्करोगावरच्या औषधांचं मूळ असलेलं कॅम्प्टोथेसिन 1966 साली एका चिनी झाडात सापडलं आणि 1972 साली आपल्या घाटातल्या नरक्यात. मग नरक्याची तोड सुरू झाली. 2005 साली जम्मूच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या झाडाच्या आत राहणारी बुरशीसुद्धा ते रसायन बनवते. अशा बुरश्या लॅबमध्ये पुनःपुन्हा वाढवल्या की उत्पादन घटत जातं, हा पुढचा पेच. अशा विषयाला परवानगीनं घेतलेली मूठभर पानं पुरतात, झाड तुटत नाही, आणि बाकीचं सगळं काम नेहरूनगरातल्या किंवा कॉलेजच्या बाकावर होतं.

बाहेर जायचं तर

धारवाड सर्वांत सोयीचं. सुमारे 75 किलोमीटर, कर्नाटक विद्यापीठ आणि कृषी विद्यापीठ दोन्ही तिथं. मुलींसाठी हिशेब आणखी बदलला आहे. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून त्यांना तिकीट नाही, मग धारवाड असो की खानापूर. कोल्हापूर याहून थोडं लांब. पण वनस्पतींचं वर्गीकरण शिकायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाचा विभाग आणि तिथल्या उद्यानातलं कंदीलपुष्पांचं संवर्धन यांना तोड नाही. मराठीत बोलता येतं, हे घाबरणाऱ्या मुलाच्या दृष्टीनं लहान नाही. समुद्री जीवांची आवड असेल तर गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

पुण्याच्या आयसर, एनसीएल, आघारकर, एनसीसीएस किंवा बेंगळुरूच्या संस्थांबद्दल मुलं डोळे विस्फारून बोलतात. मोठं काम बघायला मिळतं, हे खरं. पण पेशीशास्त्राचं एखादं तंत्र हातात बसायलाच दोन महिने जातात. तीन-चार महिन्यांत तिथं तुमचं स्वतःचं असं फार काही उभं राहत नाही. खोलीभाडं आणि खाणावळ वेगळी. पुढं पीएच.डी. करायची नक्की असेल आणि घरून खर्च झेपत असेल तरच जा. अनुभवच हवा असेल, तर तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे. ती दोन महिन्यांची असते आणि विद्यावेतन मिळतं. अर्ज पावसाळा सरल्यावर निघतात. पहिल्या वर्षाच्या मुलांनी तिथं अर्ज करावा आणि दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट गावाजवळ ठेवावा, असं मी सांगते.

नोकरी लवकर हवी असणाऱ्यांनी गणेशपूर रोडवरची साखर संस्था आणि संकेश्वरचं कृषी संशोधन केंद्र विसरू नये. किण्वन, मळी, उसावरचे रोग. कारखान्यांच्या पट्ट्यात हे काम शिकलेल्या माणसाला विचारणारे असतात.

होकार देण्याआधी

त्या गाईडकडं गेल्या वर्षी काम केलेल्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर मागून घ्या. त्याला विचारा: पहिला मसुदा किती दिवसांत परत आला, त्यावर शाईच्या खुणा किती होत्या, आणि सर परगावी असताना कुणाकडं जायचास. मग वही आणि निकाल शेवटी कुणाकडं राहणार, निबंध छापला तर नाव येणार का, हे गाईडनाच स्पष्ट विचारा. विभागाचं पत्र, महाविद्यालयातला सहमार्गदर्शक, लॅबचं स्वीकृतिपत्र हे सगळं नाताळच्या आधी हातात हवं. रानातला विषय असेल तर वनखात्याचा अर्ज गणपतीच्या आत पोचलेला असावा.